वाट अडली त्या शनिवारी

आमच्या हिनं आणि मी मिळून शेवटचं काम काय केलं असेल, तर खारका फोडल्या. धाकट्या लेकीला, ज्योतीला, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडेच होणार होतं, आणि हिला डिंकाच्या लाडवांची घाई. मी म्हणलो, अजून वेळ आहे, आत्तापासून कशाला पसारा? ती म्हणली, "तुमी गप फोडा." मी ओट्यावर बसून बत्त्यानं खारीक फोडायचो, ती बिया काढून तुकडे सुपात टाकायची. मधेच एक तुकडा तिनं तोंडात टाकला. मी म्हणलो, "साखर वाढंल." तर म्हणती, "वाढू द्या. लई झाली तर तुमच्या चहात घालू." मी हसलो नाही. हसायला पाहिजे होतं. त्या रात्री भाकरी खाऊन झोपली ती सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणले, साखरेचा आजार जुना होता, त्यानं आतून काळीज पोखरलं होतं.

आमच्या गावातल्या घरांना दारं नाहीत, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. चौकट असते, कवाड नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून खाली एक फळी आडवी लावतो, बस. शनिदेव राखण करतो, चोरी होत नाही, असं आम्ही बापजाद्यांपासून म्हणत आलो. मीही म्हणत होतो. ती गेल्यावर माझं डोकं फिरलं. बाहेरगावचे यात्रेकरू घराचा फोटो काढायला थांबले की मी ओरडायचो, "काढा, काढा! हितं चोरी होत न्हाई म्हणत्यात. माझ्या घरातला सगळ्यात मोठा ऐवज गेला, तवा राखणदार कुठं हुता?" लोक निमूट पुढं जायचे. दर शनिवारी देवाला तेल घालायचा माझा नेम होता, तो मोडला. देवाशी माझं बोलणं बंद झालं. नवराबायकोचं होतं तसं नाही, की दोन दिवसांनी कोणीतरी जेवायला बोलावतं. साफ बंद.

आई नाही म्हणल्यावर ज्योतीच्या सासरचे म्हणले, बाळंतपण आमच्याकडे करू. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण पोरगी म्हणली, आईचं घर आहे, मी तिथंच येणार. मी म्हणलो, ये. म्हणायला सोपं होतं. पुरुष माणसानं लेकीचं बाळंतपण करायचं म्हणजे काय, ते मला कुठं ठाऊक? माझी चुलत भावजय कमळावहिनी शेजारच्याच वस्तीवर राहते. ती सकाळ-संध्याकाळ येऊन पोरीला न्हाऊ-माखू घालायची, बाकी सगळं मी. तालुक्याच्या दवाखान्यात ज्योती सुखरूप सुटली. मुलगी झाली. गरोदरपणात ज्योतीचीही साखर वाढली होती, त्यामुळं मी धास्तावलो होतो, पण तिथल्या नर्सबाईंनी लगेच बाळ छातीशी लावलं, चीक पाजला. तेव्हा मला बरं वाटलं. जन्म गुरांत गेला माझा. वासराला पहिला चीक मिळाला नाही तर ते तगत नाही, एवढं मला कळतं.

पण जेवढं कळतं तेवढ्यावरच माणूस घसरतो. घरी आल्यावर काही दिवस चांगले गेले, आणि एके दिवशी कमळावहिनी आतून बाहेर आली ती तोंड पाडूनच. म्हणली, "भावजी, पोरीचा एक बाजूचा पान्हा दगडावानी घट झालाय. लालभडक. अंगात ताप फणफणलाय. दूध नासलं बघा." मी लेकीला काय विचारणार? बापानं विचारायची गोष्ट आहे का ती? पण मला वाटलं, आपल्याला कळलं. गाईला होते ती दगडी. कास सुजते, तापते, दूध फाटतं, त्यात गाठी येतात. असलं दूध आम्ही वासराला पाजत नाही, मातीत ओततो. मी चौकटीच्या बाहेरूनच हुकूम सोडला, "त्या दुधाचा थेंब पोरीच्या तोंडात जाता कामा नये. दोन्ही बाजूचं बंद. आपल्या गाईचं दूध पाणी घालून पाजा." ज्योती आतून रडत म्हणली, "आण्णा, तिला भूक लागलीय हो." मी म्हणलो, "इख पाजायचं का मंग?"

तिची आई असती तर माझ्या तोंडावर हात ठेवला असता. ती नव्हती. वहिनी गरम तेलानं चोळत होती, दाबून दूध काढत होती, पोरगी किंचाळत होती, मी ओट्यावर बसून कान झाकत होतो. ताप हटेना, ठणका वाढला. इकडं बाळानं गाईचं दूध ओकायला सुरुवात केली, मग जुलाब लागले. आधी रडून घर डोक्यावर घेणारी पोर आता नुसती कण्हायला लागली. मांडीवर घेतली तर मान टाकून पडायची. मला गुरांचं बघून बघून ठाऊक आहे, ओरडतं तोवर भ्यायचं नाही, गप होतं तेव्हा भ्यायचं. मी पुतण्याला फोन केला, जीप आण, दोघींना दवाखान्यात न्यायचं.

तो दिवस शनिवार, आणि वर अमावस्या. शनी अमावस्येला आमच्याकडं काय होतं ते बघायला यावं लागतं. मोठा रस्ता माणसांनी भरतो, मग पोलीस गाड्या आमच्या वस्तीच्या कच्च्या वाटेनं वळवतात. त्या वाटेवर गाडीला गाडी लागली होती. पुतण्याची जीप पलीकडं ओढ्याजवळ अडकली. तो फोनवर म्हणला, "चुलते, म्होरं बी जाता येईना अन् माघारी बी येईना." मी ओट्यावरनं बघितलं, जिकडं तिकडं गाड्यांची टपं, हॉर्न, धूळ. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी देवाशी बोललो. हात जोडून नाही. देवळाच्या दिशेला तोंड करून म्हणलो, "बायको नेलीस, आता लेकीची वाटही अडवलीस. तुझ्याच दर्शनाला आलेल्या लोकांनी अडवलीस. आणखी काय उरलंय, ते एकदाच ने." राग होता, पण खरं सांगतो, रागाखाली नुसती भीती होती. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. म्हणून म्हणलो, "मला आता काही सुचत न्हाई. तूच बघ काय ते."

तेवढ्यात एक तरणी बाई, कडेवर तान्हं, ते बोंबलतंय, अशी गाड्यांच्या मधून वाट काढत सरळ माझ्या अंगणात आली. फळी ओलांडायच्या आधी थांबली आणि म्हणली, "आजोबा, वाजवायला दारच नाही, म्हणून तशीच आले. गाडीत चहूबाजूंनी लोक बघतात. बाळाला पाजायला जरा आडोसा मिळेल का?"

मी म्हणलो, "जा आत. माझी लेक हाय तिथं. आजारी हाय."

ती आत गेली. थोड्या वेळानं तिचं बाळ गप झालं. मग आतून बायकांचं बोलणं ऐकू यायला लागलं, आणि मग एकदम तिची हाक आली, "आजोबा, ह्यांना पाजायचं बंद करायला कोणी सांगितलं?"

"मी," म्हणलो.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"न्हाई. गाया हायेत माझ्या."

ती बाहेर आली. मला वाटलं आता झाडणार. पण ती ओट्यावर माझ्या शेजारी बसली. म्हणली, "मी डॉक्टर आहे. पाजणाऱ्या आया आणि त्यांची तान्ही बाळं, एवढंच माझं काम." गुरांचा डॉक्टर असतो, दातांचा असतो, डोळ्यांचा असतो. आईच्या दुधाचा वेगळा डॉक्टर असतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी तसं म्हणलोही. ती हसली, "घरच्यांनाही अजून पटत नाही." मग मला म्हणली, "गाईला दगडी झाली की तुम्ही दूध सडातच ठेवता का?" मी म्हणलो, "छ्या! ठेवलं तर सड जाईल. काढावंच लागतं." ती म्हणली, "मग तुमचं अर्धं बरोबर होतं. इथं दूध काढायचं काम बाळ करतं, आणि त्याच्याइतकं चांगलं कोणालाच जमत नाही. बाईच्या ह्या दुखण्यात दूध बाळाला बाधत नाही. पाजणं बंद केलं की आतलं तुंबतं आणि दुखणं वाढतं. चोळायचं नाही, शेकायचं नाही. गार पाण्याची घडी ठेवायची."

कमळावहिनी तेलाची वाटी घेऊन उभी होती. म्हणली, "आमी तर चोळून चोळून हात मोडले की वो!" ती म्हणली, "मावशी, आता त्याच हातांनी गार घड्या बदला."

पुढचं आत घडलं, मी बाहेरून ऐकलं तेवढंच सांगतो. तिनं माझ्या नातीला बघितलं, म्हणली सुकली आहे, पण अजून ओढते आहे. बाळ धरायची पद्धतच तिनं बदलली. पोट आईच्या पोटाला, तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं टोक द्यायचं नाही. ज्योती एकदा "आई गं" म्हणली. आणि मग मला आवाज आला. तान्हं पोर घोट घेतं त्याचा आवाज. जन्मभर गोठ्यात ऐकलेला, पण त्या दिवशी मी उभा राहिलो आणि चौकटीला हात लावून उभाच राहिलो.

जायच्या आधी तिनं तापाची गोळी दिली आणि म्हणली, ताप दोन दिवसांचा आहे, तेव्हा रस्ता सुटला की दोघींना दवाखान्यात दाखवायचंच, टाळायचं नाही. तिथं औषध देतील, ते घेऊनही पाजता येतं. मग तिनं विचारलं, घरात कोणाला साखर होती का? मी सांगितलं, पोरीच्या आईला होती, त्यातच गेली. पोरीलाही पोटुशी असताना वाढली होती. ती माझ्याकडं वळली. म्हणली, "मग नीट ऐका. जी आई पाजते, तिच्या अंगाला पुढे ह्या साखरेच्या आजारापासून राखण मिळते. शंभर टक्के नाही, पण मिळते. छातीच्या कॅन्सरपासूनही थोडी मिळते. बाळाला जुलाब, छाती भरणं कमी होतं. हे दूध बाळाचं जेवण आहे, तसं तुमच्या लेकीचंही औषध आहे. जन्मभर पुरणारं."

राखण. तिनं दुसरा कुठलाही शब्द वापरला असता तर मी नुसती मान हलवली असती. मी ज्या राखणदाराला महिनोन्महिने शिव्या घातल्या, त्यानं लेकीची राखण तिच्या अंगातच ठेवली होती, आणि मी शहाणा बाप ती बंद करून बसलो होतो.

बाहेरून तिचा नवरा ओरडला, गाड्या हलल्या. मी तिला चहा घे म्हणलो, तिनं गुळाचा खडा आणि पाणी घेतलं, बाळ कडेवर घेतलं आणि गेली. जाताना मागं वळून ज्योतीला म्हणली, "दिवसभरात बाळानं भरपूर लंगोट ओले केले, की समजायचं पोटात दूध जातंय." मी तिचं नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. सुचलंच नाही. संध्याकाळी पुतण्याची जीप आली, दोघींना नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं, ज्योतीला औषध दिलं आणि तेच सांगितलं, पाजत राहा. जुलाब वाढले किंवा पोर सुस्तावली तर लगेच आणा, म्हणले. आम्ही घरी आलो.

कोणी म्हणेल, योगायोग. म्हणू दे. एवढ्या गाड्या होत्या, त्यातली ती नेमकी माझ्या घरापुढं थांबली, तिचं पोर नेमकं तेव्हाच रडलं, आणि आत यायला तिच्या आड बंद कवाड आलं नाही. मी कोणाशी वाद घालत नाही. मला एवढंच दिसतं, की वाट मोकळी असती तर ती बाईही धूळ उडवत पुढं निघून गेली असती. त्यानं वाट अडवली म्हणून मी ओरडत होतो, आणि वाट अडवूनच त्यानं माणूस धाडलं. आमच्या हिला का नेलं, ते मला अजून कळलेलं नाही. कळेल असंही वाटत नाही. आता मी ते विचारतही नाही. आपल्याला अर्धं कळतं, उरलेलं अर्धं त्याच्याकडं आहे. मूठ सोडली की तो हात धरतो, आणि मूठ मी त्या दिवशी भक्तीनं सोडली नाही, दमून सोडली. त्याला तेवढंही चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, आधी देवळात जावं, तेल घालावं. तोंड धुतलं, टोपी घातली. मग न्हाणीपाशी बादली दिसली. ओल्या लंगोटांनी काठोकाठ भरलेली. मी टोपी काढून ठेवली आणि बादली घेऊन हौदावर बसलो. ज्योती आतून म्हणली, "आण्णा, राहू द्या, काकू येतील." मी म्हणलो, "तू पाज. हिकडं ध्यान देऊ नको."

कमळावहिनी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आगं बया! उभ्या जन्मात सोताचं बनियन धुतलं न्हाई, अन् आज भावजींनी धोबीघाट काढला!"

मी म्हणलो, "वहिनी, देवळात देणगी दिली की पावती देत्यात ना? ही माझी पावती. पोटात दूध गेल्याची."

ती हसली, पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मी एकेक लंगोट दोन पाण्यांतून काढला, पिळला, झटकला आणि उन्हात दोरीवर टाकला. दोरी पुरली नाही, तेव्हा उरलेले कुंपणावर वाळत घातले.