बादलीतला हात

आमच्या संगणक प्रयोगशाळेच्या दाराशी फरशी पुसायची बादली असायची. येताजाता तो तिच्यात मनगटापर्यंत हात घालायचा. आधी तळवा पुढे करून ओढायचा, मग करंगळीची कड पुढे करून, आणि म्हणायचा, "हाताला कळतं, सर. फक्त आकड्यात दाखवायचं आहे."

तुम्हीही करून बघा. पहिल्यांदा पाणी अडवतं, दुसऱ्यांदा जाऊ देतं. बोटीचंही तसंच. पाणी तिला किती विरोध करतं, ते हल्ली सॉफ्टवेअर सांगतं.

शहाद्याजवळच्या आमच्या कॉलेजात तो सहायक होता. सकाळी संगणक चालू करायचे, संध्याकाळी पंखे बंद करायचे. मी शिकवायचो. तो नर्मदेकाठच्या मणिबेलीच्या बाजूचा, घरी भिली बोलणारा, आणि आमच्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातलं मराठी. आम्ही अहिराणीत खिदळत त्याच्या 'कृपया'ची नक्कल करायचो. सगळं कॉलेज त्याला नावाडी म्हणायचं.

त्याची बहीण बाळंतपणाला बोटीतून नेताना वाटेतच गेली. "काठ दिसत होता, सर," एवढंच तो सांगायचा. बोटीचं तोंड बोथट, इंजिन जुनं. "इंजिन आमच्या हातात नाही. तोंड बदलता येईल." त्या काठासाठी नवी बोट बांधायची होती. कोणती, ते ठरवणारे साहेब कॉलेजात येणार होते आणि त्यांच्यासमोर बोलायची परवानगी त्याने महत्प्रयासाने मिळवली होती.

पाच महिने जेवणाच्या सुट्टीत तो डबा मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसला. कोणी शिकवलं नाही. वाचून वाचून शिकला.

एका दुपारी मी सहज त्याच्या खांद्यावरून पाहिलं. नवीन काम उघडलं की ते सॉफ्टवेअर आपोआप हवा धरतं, पाणी आपण निवडावं लागतं. त्याने निवडलंच नव्हतं. पाच महिने त्याची बोट हवेत चालली होती.

मी स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं. एकाच्या तर नाकातून चहा आला. "हाऊ नाव हवामा चलाडी ऱ्हायना! त्याले सांगू नको भो, साहेबसमोर मजा ई."

नाही सांगितलं.

शंका त्यालाही आली होती. "विरोध फारच कमी दिसतोय, सर. बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याने कागदाच्या पुडीत चारोळ्या आणल्या. आईने रानातून वेचून घरी फोडलेल्या. आम्ही सगळ्यांनी मूठ मूठ खाल्ल्या.

साहेबांसमोर तो छान बोलला. बादलीही आणली होती, घासून लख्ख केलेली. त्यात हात घालून दाखवला. साहेब मान डोलवायला लागले, तेव्हा मी उठलो. "तुमची बोट कशात चालते आहे, तेवढं उघडून दाखवता?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'तुम्ही' म्हटलं.

त्याने उघडलं. पडद्यावर हवा. सगळं सभागृह हसलं, साहेबही हसले आणि मोबाइल बघू लागले. त्याचा हात ओला होता, माऊसवर थेंब पडले होते.

मला वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला बोलू, फार मजा आली.

जाताना त्याने दारात विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार?"

त्याने बादली जागेवर ठेवली आणि गेला. पुन्हा आला नाही. गावी मासे धरतो, असं तिकडचा एक विद्यार्थी सांगत होता. नवी बोट आली म्हणे, तीही बोथट तोंडाचीच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याची फाईल उघडली. हवेच्या जागी पाणी निवडायला मला मिनिटभरही लागलं नाही. मग जुनी बोट आणि त्याची बोट, दोन्ही चालवून पाहिल्या. त्याच्या बोटीला विरोध बराच कमी होता. आकार बरोबर होता.

त्याचा नंबर माझ्याकडे होता. लावला नाही.

त्या आकारावर माझा शोधनिबंध झाला, एकट्याच्या नावाने. आता दरवर्षी पहिल्या तासाला मी बादली मागवतो, बाही वर करून मनगटापर्यंत हात घालतो आणि मुलांना सांगतो, "हाताला कळतं. फक्त आकड्यात दाखवायचं आहे."

मुलं वहीत लिहून घेतात. खाली माझं नाव लिहितात.