एकट्यालाच खाज नव्हती

अकोटकडच्या त्या गावात रुख्मिणीबाई फटकळ म्हणून प्रसिद्ध. पण नवऱ्याला, चंद्रभानला, आपली किडनी देताना तिनं हूं की चूं केलं नव्हतं.

दोन वर्षं सुखात गेली. मग चंद्रभानच्या हातांवर जाड खपल्या धरल्या. त्याच सुमारास सारं घर खाजवू लागलं. भाव वाढेल या आशेनं पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला, आणि साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते हे तिकडे पोरासोरांनाही ठाऊक. चंद्रभानला मात्र खाज नव्हतीच. म्हणजे याचं दुखणं वेगळं, वाईट! गावानं महारोग ठरवून टाकला, आणि हा शहाणा खाट उचलून गोठ्यात राहायला गेला.

"किडनीच्या गोळ्याइनंच अंग सडून राह्यलं. बंदच करतो त्या," तो म्हणाला.

गोळ्या थांबल्या की किडनी गेली, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रुख्मिणी रडली नाही, भडकली.

"किडनी माही हाय. गोळ्या बंद करायच्या असन तं पहिले ते मले वापस द्या!"

दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला अकोल्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"घरात आणखी कुणाला खाज?" बाईंनी विचारलं.

"सगळ्याइले. पण ते कापसाची हाय."

"कापूस अजून घरात आहे?"

"नाई, संक्रांतीलेच इकला..." बोलता बोलता रुख्मिणी थबकली. होळी होऊन गेली होती, आणि सून अजून खाजवतच होती.

बाईंनी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. किडेच किडे. "खरूज आहे, पण फार माजलेली. घरच्यांची खाजही हिचीच, कापसाची नव्हे. किडनी टिकावी म्हणून दिलेल्या गोळ्या शरीराची लढायची ताकद कमी करतात. म्हणून किडे बेसुमार वाढले आणि खाजही सुटली नाही. त्या गोळ्या मात्र चालूच ठेवा. हे बरं होतं."

खरजेसाठी पोटात घ्यायच्या गोळ्या ठरल्या दिवशी पुन्हा पुन्हा, अंगभर मलम, खपल्या मऊ करायला दुसरं, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध. रुख्मिणीनं गोधड्या उकळल्या, घरादाराला मलम चोपडलं, मुक्कामाला आलेल्या व्याह्यालाही सोडलं नाही.

उन्हाळा सरता सरता बाईंनी पुन्हा खरवडून पाहिलं. एकही किडा नाही. किडनीचा रिपोर्टही चांगला. तेव्हा कुठे रुख्मिणी दवाखान्यातच मोकळी होऊन ढसाढसा रडली.

परतीच्या एसटीत चंद्रभाननं तिचा हात धरला. खपल्या धरल्यापासून त्यानं तिला बोटही लावलं नव्हतं.

"लोकं पाहून राह्यले ना," ती पुटपुटली.

"पाहू दे. किडनी देताना लाजली नाई, आता काहून लाजतं?"

अकोट येईपर्यंत तिनं हात सोडवून घेतला नाही.