दोन्ही हातांना सलाईन

जामखेडची ती दुपार अजूनही डोळ्यांसमोर लख्ख उभी आहे. मी तिथे फौजदार होतो. ग्रामीण रुग्णालयातून वर्दी आली, मांडीला खोल जखम, माणूस अत्यवस्थ.

पोहोचलो तेव्हा तो टेम्पोचालक पांढराफटक पडला होता. डॉक्टरीणबाई जखमेत पट्ट्या कोंबून वरून जोरात दाबत होत्या.

"मनगटाला नाडी लागत नाही! दोन्ही हातांना सलाईन लावा, धार सोडा!" त्या नर्सवर ओरडल्या.

त्याला घेऊन आलेला भागीदार बाहेर उभा होता. "काच फुटून घुसली साहेब," तो म्हणाला. इतक्यात माझा हवालदार धावत आला. टेम्पो जिथे उभा होता, तिथल्या चहावाल्याचा ठाण्यात फोन आला होता, "टेम्पोची काच शाबूत हाय. दोघांचं लई भांडन झालं हुतं."

मी भागीदाराला बाकावर बसवलं, पाणी दिलं. काचेचा विषयच काढला नाही. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "शुद्धीवर आला का? काय बोलला का?"

"वाचंल का, असं एकदाही विचारलं नाहीस," मी म्हणालो. "हत्यार कुठाय?"

त्यानं पेला बाकावर ठेवला. "टेम्पोच्या सीटखाली. कोयता हाय."

टेम्पोच्या मालकीवरून पेटलेलं भांडण होतं ते. त्याला हवालदाराच्या ताब्यात देऊन मी आत धावलो. जखमीच्या पापण्या हलत होत्या आणि बाई सलाईनची धार बारीक करत होत्या.

"अहो, वाढवा ना! शुद्धीवर आला तर मृत्युपूर्व जबाब घेता येईल."

"नाडी लागलीय, तेवढं पुरे. दाब एकदम चढला तर जखम पुन्हा वाहील. सलाईन म्हणजे रक्त नव्हे, साहेब. रक्त आणि शस्त्रक्रिया इथे होणार नाही. ह्याला नगरला न्या."

रक्त द्यायला माणसं तयार ठेवा, असा नगरला वायरलेस केला. जीप सुसाट सुटली. बाई जखम दाबून बसल्या, मी बाटल्या उंच धरल्या. मध्येच त्याचे ओठ हलले, "पानी..." त्या एका शब्दानं आमच्या ड्रायव्हरनं आनंदानं हॉर्नच दाबून धरला!

नगरच्या रुग्णालयाच्या दारात पोलीस मुख्यालयाचे शिपाई बाह्या सरसावून तयार होते. ज्यांचा गट जुळला, त्यांनी रक्त दिलं. शस्त्रक्रिया झाली, माणूस वाचला.

पुढे कोर्टात तो लंगडत, पण स्वतःच्या पायांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला आणि आरोपीकडे बोट करून सगळं सांगितलं. तेव्हापासून नव्या फौजदारांना मी एकच सांगत आलो. जखमी दिसला की आधी रक्त थांबवा, गाडी काढा. जिवंत माणसासारखा साक्षीदार नाही.