डाव्या अंगाचा जाळ

सूर्य उगवताना नीट बघायला माझी सत्तरी उलटावी लागली. त्याआधी तो रोज माझ्या पाठीमागं उगवायचा आणि मी मान वळवत नव्हतो.

मी गुळव्या. पंचेचाळीस वर्षं गुऱ्हाळावर काहिलीपुढं, रस उकळायच्या मोठ्या कढईपुढं, उभा राहिलो. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यापुरती. ऊस तोडायला आला की माझी शाळा बंद. पण रसाचा गूळ कुठल्या घडीला होतो, ते मला जसं कळायचं तसं आमच्या बिद्रीच्या बाजूला दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. कुणाला राग आला तर येऊ दे, खरं ते लिहितो.

रस उकळतो, त्यावरची मळी काढायची, मग रस दाटत जातो. फेस पिवळा पडतो, बुडबुडे जड होतात आणि मग एक रंग येतो. त्या रंगाला नाव नाही. तो आला की काहील उतरवायची. आधी उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. मालकांनी एकदा उष्णता मोजायची काचेची नळी आणली. मी ती खुंटीला टांगली आणि म्हटलं, "मालक, हिला एवढं कळत असंल तर उद्यापासनं हिलाच उभी करा कायलीपुढं." नळी खुंटीलाच राहिली, तिच्यावर कोळ्यानं जाळं केलं.

माझ्याबरोबर चुलव्या होता. काहिलीखाली खड्ड्यात बसून चुलवाणाच्या तोंडात वाळली चिपाडं ढकलायची, हे त्याचं काम. गावातलाच, मुसलमानाचा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. वीस हंगाम आम्ही एकत्र काढले. पहाटे नमाज पढून तो खड्ड्यात उतरायचा आणि पूर्व त्याच्या समोर असायची. पहिलं आदण, म्हणजे काहीलभर रस, उतरायला आणि सूर्य निघायला एकच गाठ पडायची. तो खालून ओरडायचा, "अण्णा, आला बघा."

मी म्हणायचो, "माझा सूर्य कायलीत हाय. तू जाळ बघ."

"आज बाभळीच्या अलीकडं आलाय की. सरकतोय त्यो डावीकडं."

"तुला खड्ड्यात बसून लई कळतंय."

हे रोजचं होतं. वीस वर्षांत मी एकदाही वळून बघितलं नाही. काम सोडून आभाळ बघणारा माणूस मला आळशी वाटायचा.

मग ती सकाळ आली. माघातली थंडी होती, वारं सुटलं होतं. आदण शेवटाला आलं होतं आणि मी रंगाची वाट बघत होतो. खालून तो म्हणाला, "अण्णा, वास येतोय. तुमच्या डाव्या अंगाला बघा."

मी बघितलं. म्हणजे मला वाटलं मी बघितलं. समोर रस सोन्यासारखा होता, अजून थोडा वेळ होता. "माझ्या डोळ्यापेक्षा तुझं नाक शाणं व्हय?" मी म्हणालो.

"कड धरलीया अण्णा. उतरवा."

"गप बस."

मी उतरवली ती माझ्या वेळेला. गार करायच्या वाफ्यात गूळ ओतला तेव्हा काळा निघाला. डाव्या बाजूची सगळी कड जळून काहिलीला चिकटली होती आणि तिचा करपट वास सबंध आदणात उतरला होता. मालक आले. चार माणसं गोळा झाली. मालकांनी बोटावर गूळ घेऊन चाखला आणि थुंकला. माझ्याकडं बघितलं. पंचेचाळीस वर्षांत माझ्या हातचा गूळ कुणी थुंकला नव्हता.

मी म्हणालो, "ह्यानं जाळ जास्त मारला."

चुलव्या खड्ड्यातनं वर आला होता. तोंडाला राख, हातात चिपाडाची मूठ. तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता भांडंल. त्यानं मूठ खाली टाकली, टॉवेल झाडला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस होता. काहील करपवणारा चुलव्या म्हणून आसपासच्या कुठल्याच गुऱ्हाळानं त्याला घेतलं नाही. वर्षभरानं तो पोराकडं उचगावला गेला म्हणून कानावर आलं. मी त्याचा विषय काढत नव्हतो. कुणी काढला तर म्हणायचो, चुकीला माफी नसते.

त्याच हंगामाच्या शेवटी गुऱ्हाळच बंद पडलं. काहील मोडीत गेली, छप्पर उतरवलं. खड्डा तेवढा राहिला.

घरात मी वस्तूंना धडकायला लागलो. तांब्या, खुर्ची, पाण्याची घागर. सुनेला म्हणायचो, वाटेत काय पण ठेवतीस. ती बिचारी उचलून बाजूला ठेवायची. एकदा गोठ्याच्या खांबाला कपाळ फुटलं. खांब माझ्या बापानं रोवलेला, तो काही सुनेनं वाटेत ठेवला नव्हता. मग पोरानं कोल्हापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथं एका पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावली. आत बारके दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाला, दुसरा झाला. मी मधेच म्हणालो, "बाई, तुमचं मशीन बिघडलंय. एका बाजूचं दिवं लागतच न्हाईत."

डॉक्टरीण तरणी होती. तिनं कागद माझ्यापुढं धरला. त्यावर डावीकडं सगळं काळं. "बाबा, मशीन चांगलं आहे," ती म्हणाली. "दिवे लागत होते."

काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही नाकाकडची बाजू गेलेली. गेली ती नजर परत येत नाही, रोज थेंब घालून उरलेली राखायची, तीही किती दिवस ते सांगता येत नाही. दुखत नाही, कळत नाही, डोकं आपल्या मनानंच रिकामी जागा भरून टाकतं. मी एकच विचारलं, "कधीपासनं?"

"सात-आठ वर्षं तरी असेल."

माघातल्या त्या सकाळीला पाच वर्षं झाली होती.

परतीच्या एसटीत पोरगा धीर देत होता. मला त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मला काहील दिसत होती, आठ फूट रुंद, आणि तिची डावी कड. तिथं मी सोन्यासारखा रस बघितला होता. तो माझ्या डोक्यानं भरला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी गुऱ्हाळाच्या जागेवर गेलो आणि खड्ड्याच्या काठावर, चुलव्या बसायचा तसा पूर्वेकडं तोंड करून बसलो. का गेलो ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. नजर किती उरली ते बघायचं होतं, असं घरात सांगितलं. समोर उजवीकडं बाभूळ, डावीकडं लांब कारखान्याची चिमणी. बाभूळ दिसत होती. चिमणी मान वळवल्याशिवाय दिसत नव्हती.

आधी आभाळ राखेसारखं होतं. मग खालून तांबूस झालं, जसा चुलवाणात जाळ धरतो तसं. मग कडेला एक ठिपका आला, फुगला, जमिनीपासनं सुटला. आणि तो रंग आला. माझा रंग, काहील उतरवायचा. मला वाटत होतं तो जगात फक्त माझ्या काहिलीत येतो. तो रोज माझ्या पाठीमागं येत होता, फुकट, आणि एक माणूस मला हाका मारून दाखवत होता. मी किती वेळ तसाच बसलो कुणास ठाऊक. डोळ्यांतनं पाणी आलं, ते काही आजाराचं नव्हतं.

मी रोज जायला लागलो. सूर्य तांबडा आहे तोवरच बघायचं, पांढरा झाला की नजर खाली, असं डॉक्टरणीनं बजावलंय. आणि मला कळलं, तो खरंच सरकतो. माघात बाभळीपाशी होता. फाल्गुनात बाभूळ सुटली. रोज थोडा थोडा डावीकडं, माझ्या अंधाराकडं. चैत्रात मला मान वळवावी लागली. शेतात जन्म गेलेल्या माणसाला हे सत्तरीनंतर कळतंय, याची लाज वाटली. पण त्यापेक्षा नवल जास्त वाटलं. आणि ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

वैशाखात मी एकटा एसटीनं कोल्हापूरला गेलो आणि तिथनं उचगावला. पोरानं बरोबर येतो म्हटलं, मी नको म्हटलं. विचारत विचारत एका गोदामाच्या फाटकापाशी पोचलो. चुलव्या तिथं राखणदार होता, खुर्चीवर बसला होता. दाढी पांढरी झाली होती. त्यानं मला ओळखलं, पापणी हलली की.

"पावणं," तो म्हणाला, "कुणाकडं आलायसा?"

वीस हंगाम अण्णा म्हणणाऱ्या माणसानं पावणं म्हटलं. मी उभाच राहिलो. म्हणालो, "तुझ्याकडं."

"आमच्याकडं गुळाचं काम न्हाय."

"माझे डोळे गेलेत. डावी बाजू. तवाच गेलती. आदण मी जाळलं, तू न्हाय."

त्यानं फाटकाची कडी उघडून परत लावली. मग म्हणाला, "मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"तुमचा हात डावीकडं चुकायचा. मळी तिथंच राहायची. तीन हंगाम मी तुमच्या डाव्या अंगाचा जाळ कमी ठेवत हुतो. त्या दिवशी वाऱ्यानं जाळ तिकडं ओढला. मग वरडलो."

 तिथं एक दगड होता, त्यावर बसलो. तीन वर्षं लोक माझ्या गुळाला नावाजत होते आणि तो गूळ हा माणूस खड्ड्यातनं सांभाळत होता.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"ऐकलं असतं?"



"मालकाम्होरं तरी बोलायचं हुतं," मी म्हणालो.

"बोलून काय? एक गुळव्या गेला असता, गुळव्याला खोटं पाडणारा म्हणून चुलव्या बी गेला असता. दोन घरं बसली असती." त्यानं तंबाखू चोळली. मला दिली नाही. "माझ्याकडं येऊन काय उपेग? त्ये खोटं मी कुठं खरं मानत हुतो? पारावर जाऊन सांगा. जिथं माझं नाव घालवलं तिथं."

उठताना मी म्हटलं, रोज सूर्य बघायला त्या खड्ड्यावर जातो.

"हितं दिसत न्हाय," तो म्हणाला. "पत्र्याच्या मागनं येतोय. त्यो वर येईस्तोवर पांढरा पडलेला असतोय."

पारावर सांगितलं. मालक होते, त्यांचे भाऊ होते, पानाच्या दुकानातली पोरं होती. शब्द एकही गिळला नाही.  मागून एक जण हसला. मालक उठून गेले. गावात मी आता मोठा गुळव्या राहिलो नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे खड्ड्यावरनं त्याला फोन लावला. नंबर त्याच्या चुलतभावाकडनं घेतला होता. त्यानं उचलला नाही. रोज लावत राहिलो. हट्ट माझा जुना आहे, एवढ्या एका कामाला तो चांगला पडला.

पाचव्या दिवशी फोन उचलला गेला. 

"आला बघ," मी म्हणालो.

"चिमणी वलांडली?"

मी मान पुरती डावीकडं वळवली, अंगही वळवलं. "वलांडली. दोन हात पलीकडं गेलाय."

"रंग?"

"उतरवायचा."

"मग उतरवा की अण्णा," तो म्हणाला. "कड धरंल." आणि फोन ठेवला.