गिनीच्या मास्तरांशी सवाल-जवाब

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, चहाचा घोट घेताना हसलात तर ठसका लागेल! मी, कुवेतमधल्या सालमियाच्या भजनी मंडळाची ढोलकीवाली, भर विद्यापीठात तोंडावर आपटले.

माझी नात सानिका इथल्या एका विद्यापीठात पारंपरिक आफ्रिकी संगीत आणि नृत्य शिकते. त्याचा लेखी पेपरसुद्धा असतो म्हणे. नाचाचा लेखी पेपर! पाय काय कागदावर आपटायचे? मी ढोलकी शिकले ती चोरून ऐकून आणि आईचा मार चुकवून. मला कोण शिकवणार?

तर त्यांची नाचाची परीक्षा होती. घरच्यांना आमंत्रण, वाद्य आणलं तरी चालेल. मी ढोलकी घेऊन टॅक्सीत बसले.

"आजी, प्लीज, ती फक्त मांडीवर ठेवायची हं."

"मग काय, अंगाई म्हणू तिला?"

मास्तर गिनी देशाचे, उंच, हसरे. त्यांनी जेंबे नावाच्या ढोलावर एक झणझणीत तुकडा वाजवला आणि पोरी नाचायला लागल्या. काय नाचल्या! शेवटी मास्तरांनी तोच तुकडा पुन्हा वाजवला, पोरी थबकल्या, आणि मास्तर माझ्याकडे बघून हसले.

आता तुम्हीच सांगा, भर बैठकीत कुणी असं आपल्याकडे बघून तुकडा टाकला तर तो काय असतो? सवाल! आणि जवाब न देणारी ढोलकी चुलीत घालावी. मी तोच तुकडा जसाच्या तसा परत फेकला.

पोरी पुन्हा सुरू!

मास्तर दचकले. तुकडा वाजवला. पोरी थांबल्या. मी जवाब दिला. पोरी सुरू! मास्तर घामाघूम, मी दुप्पट जोरात. सानिका नाचतानाच डोळे मोठे करत होती; मला वाटलं, कौतुकानं. एक पोरगी तर भिंत धरून नाचत होती, बिचारी!

शेवटी मास्तरांनी तुकडा वाजवला आणि मी जवाब द्यायच्या आत माझ्यापुढे हात जोडले.

"मास्तर हरले!" मी जाहीर केलं.

सानिका धापा टाकत आली. "आजी! तो सवाल नव्हता! त्याच तुकड्यावर नाच सुरू होतो आणि त्याच तुकड्यावर थांबतो. इशारा चुकला की मार्क जातात!"

"मग मी…"

"तू आम्हाला थांबूच दिलं नाहीस!"

एकही पोरगी इशारा चुकली नव्हती, म्हणून सगळ्यांना पैकीच्या पैकी. मास्तर म्हणाले, इतकी कडक परीक्षा मीसुद्धा घेतली नसती.

आता दर नव्या वर्गाला पहिल्या तासाला मास्तर माझा त्या दिवशीचा व्हिडिओ दाखवतात. मी ताठ मानेनं सानिकाला विचारलं, "उत्तम वादन म्हणून ना?"

"नाही आजी. धडा पहिला: वाजवण्याआधी ऐका."

घ्या! जन्मात शिकायला म्हणून कॉलेजची पायरी चढले नाही, आणि आता थेट अभ्यासक्रमात आहे.