अर्ध्या मिलिमीटरची रेघ

भाईंदरला आमच्या शेजारच्या काकांनी घरामागच्या पडवीत लेथ मशीन बसवलं होतं. आलेल्या प्रत्येकाला ते सगळं फिरून दाखवत. कानस हातात देण्याआधी शर्टाला पुसत आणि म्हणत, "बघ, पन घाम लावू नको. गंज चढतो."

मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मिठागरात राबणारे बाबा मला मुद्दाम तिथे घेऊन गेले. सकाळभर खपून केलेला पंपाचा शाफ्ट काकांनी माझ्यापुढे धरला. "मोज रं, कॉलेजवाल्या."

मी मायक्रोमीटर लावला आणि मोठ्यानं म्हणालो, "काका, अर्धा मिलिमीटर कमी भरतोय."

बाबांचा चेहरा फुलला. काकांनी तो शाफ्ट भंगाराच्या डब्यात टाकला. "बरोबर हाय. माझं डोलं गेलं आता."

पुढे प्रॅक्टिकलला कळलं, मायक्रोमीटरवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ मी वाचलीच नव्हती. शाफ्ट बरोबर होता. काकांना जाऊन सांगितलं, तर ते कानस पुसत राहिले. "ठाव हाय मना. पन तुझा बाप बाजूला उभा व्हता ना."

पोरानं काकांची चूक पकडली, हे बाबा अजून लोकांना सांगतात. काका समोर असले तर मान डोलावतात.