सिग्फूसची दोन बोटं

आमच्याकडे पुस्तकाचा निकाल पेपरातले विद्वान लावत नाहीत. तो लागतो पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात. सकाळी सातला गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली आठ-दहा डोकी, वरून बर्फाची भुरभुर, आणि सगळ्यांची तोंडं चालू. ख्रिसमसला आइसलंडात घरोघरी पुस्तक भेट म्हणून देतात. त्या वर्षी गावात जो तो दुसऱ्याला एकच पुस्तक देत सुटला. शाळेतून निवृत्त झालेल्या आर्न्दिसबाईंची पहिली कादंबरी, एका घराण्याच्या चार पिढ्या, सहाशे पानं.

स्टेनवोरला ते तिच्या थोरल्या भावानं, ओडगेरनं दिलं. आत लिहिलं होतं, 'आपल्यासारख्याच एका घराण्याची गोष्ट. तुला आवडेल.'

आवडेल म्हणे! दुसऱ्या भागाशी आली आणि तिला त्यात आपलंच घर दिसलं.

स्टेनवोरची सगळी हयात मासळीच्या कारखान्यात गेली. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर कॉड माशाचे तुकडे यायचे, त्यातले किडे चिमट्यानं वेचायचे. पस्तीस वर्षांत तिच्या नजरेतून एक किडा सुटला नाही. बोलणं मात्र बेताचंच, आणि जे काही बोलायची ते आर्न्दिसशी. पहिलीपासूनची मैत्रीण ती. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा जाता जाता जे सांगून गेली तेही स्टेनवोरनं तिलाच सांगितलं. ओडगेर त्यांच्या वडिलांचा, सिग्फूसचा मुलगा नव्हता. एका हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या जहाजावर जो आचारी होता, त्याचा होता. सिग्फूसला सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं पोराला आपलं नाव दिलं आणि जन्मात ब्र काढला नाही. 'ओडगेरला कळू देऊ नकोस,' एवढंच आईनं मागितलं होतं.

आणि ओडगेरला नाद कसला, तर वंशावळीचा! बोटीवरून निवृत्त झाल्यापासून तो सिग्फूसच्या पूर्वजांमागे हात धुऊन लागला होता. चौदा पिढ्यांपर्यंत पोचला होता. दोन जाड वह्या भरल्या होत्या. कुंडात कुणी नुसतं 'आज वारा आहे' म्हणालं, तरी हा सातव्या पिढीतला एखादा वादळात बुडालेला आजोबा वर काढायचा.

सण उरकल्या उरकल्या स्टेनवोर आर्न्दिसच्या दारात उभी राहिली.

"लाज नाही वाटली तुला?"

"अगं, आत तर ये. मी सगळं बदललंय. गाव बदललं, नावं बदलली. तो मुलगासुद्धा समुद्रात बुडवला मी."

"आणि बाबांना येडं केलंस! पुस्तकात त्यांना काहीच माहीत नाही. बायकोनं फसवलेला नवरा!"

"वाचकांना असं आवडतं गं," आर्न्दिस म्हणाली, अगदी शाळेत शुद्धलेखन समजावून सांगावं तशी. "आणि तुझ्या बाबांच्या बुटांचा प्रसंग मी मुद्दाम गाळलाय. तुझ्यासाठी. तो नसेल तर कोण ओळखणार?"

वर उपकार! स्टेनवोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती तशीच मागं फिरली. ओडगेरला कळायला नको, बस्स. बाकीचं ती सोसायला तयार होती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुंड भरलं. सगळ्यांचं वाचून झालं होतं. लेखिकाबाईही मधोमध बसल्या होत्या, गाल लालेलाल.

"नावं फार बाई," केस कापणारी राग्ना म्हणाली. "मी तर फ्रिजवर कागद चिकटवला, कोण कुणाचा ते बघायला."

"तिसरी पिढी कंटाळवाणी," तलावाचा राखणदार काठावरून ओरडला. "नुसती जमिनीची भांडणं. चाळीस पानं सरळ उडवली मी."

"मला आवडली," ओडगेर म्हणाला. स्टेनवोरचा जीव टांगणीला. "पण तो दुसऱ्या भागातला नवरा नाही पटला. बायको दुसऱ्याचं पोर पदरात घालते आणि हा गाढव पाळणा हलवत बसतो! असला बावळट आमच्या चौदा पिढ्यांत एक निघाला नाही."

सगळे खो खो हसले. आर्न्दिससुद्धा हसली. तेवढं हसू स्टेनवोरला सोसलं नाही.

"बावळट नव्हता तो!" ती ओरडली. "सगळं माहीत असून सुईणीला आणायला डोंगरापलीकडे गेला तो! ओढ्यात तिचे बूट वाहून गेले, तर आपले काढून दिले आणि स्वतः पायांना पोती गुंडाळून बर्फातून आला. दोन बोटं गेली त्याची. हसताय काय?"

"हे कुठल्या पानावर आहे?" राग्नानं विचारलं. "मी काही वाचलं नाही."

सिग्फूसचा दोन बोटं नसलेला डावा पाय तिथल्या निम्म्या लोकांनी याच कुंडात बघितला होता. आणि बुटांची गोष्ट सिग्फूस दरवर्षी ओडगेरच्या वाढदिवशी सांगायचा. केक कापायच्या आधी, न चुकता.

ओडगेरनं आधी आर्न्दिसकडे पाहिलं. ती पाण्याकडे बघत होती. मग त्यानं बहिणीला विचारलं, "हिला कधीपासून माहीत आहे?"

"ओडगेर, आईनं मला शपथ..."

"हिला कधीपासून?"

"अकरा वर्षं."

"आणि मला आज. या सगळ्यांच्या देखत." तो उठला, कठडा धरून बाहेर पडला आणि टॉवेल न घेताच आत गेला.

त्यानंतर त्यानं स्टेनवोरला दार उघडलं नाही. तीनदा गेली ती, मटणाचं सूप घेऊन. तिन्ही वेळा सूप परत घरी. तिला आर्न्दिसचा राग होता, पण आर्न्दिसला सांगणारी ती स्वतःच होती ना, त्याचं काय करायचं ते तिला उमगत नव्हतं.

शनिवारी आर्न्दिसचा फोन आला. "ऐक ना, दुसरी आवृत्ती निघतेय. आता सगळ्यांना कळलंच आहे, तर तो बुटांचा प्रसंग घालू का? फार छान होईल गं."

स्टेनवोरनं फोन ठेवून दिला. साठ वर्षांची मैत्री तिथंच संपली.

रविवारी सकाळी तिच्या पायरीवर एक पिशवी होती, तोंड नीट बांधलेली. आत त्या दोन वह्या. वर चिठ्ठी, 'हे तुझे लोक. तुझ्याकडेच असू देत.'

स्वयंपाकघरात बसून तिनं शेवटचं पान काढलं. ओडगेरच्या सुबक अक्षरात सिग्फूसचं नाव, त्याखाली दोन मुलांची नावं. त्यातल्या पहिल्या नावावर त्यानं पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती. खाली एकटी स्टेनवोर उरली होती.